जोडलं की चाललं पाहिजे

लुकांग, २० फेब्रुवारी

चिनहाय,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा. नव्या वर्षाला फोन करून "आत्या, मजेत ना?" एवढं विचारलं की भाच्याचं कर्तव्य संपतं का रे? तैपेईच्या बाजारात गाळा टाकलास, कॉम्प्युटरचं सामान विकतोस, म्हणजे मोठा माणूस झालास. असो. काम आहे म्हणून लिहितेय, प्रेम उतू चाललंय म्हणून नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. हा फोन कुओलिनने आणून दिलाय. आत काय काय घालून ठेवलंय ते त्यालाच ठाऊक. पोटचा मुलगा आहे म्हणून मी गप्प बसते, पण फोनवर घरातलं काही बोलत नाही. तूही हातानेच लिही. टाइप केलेल्या कागदामागे कोण बसलंय ते कळत नाही.

आता ऐक. नव्या वर्षाच्या जेवणाला कुओलिन आणि सून, दोघं आले होते. घरात वर्षभर पुरून उरावं म्हणून मासा अर्धा ताटात ठेवायचा, तसा ठेवला, आणि त्या माशासमोर कुओलिनने जाहीर केलं, "आई, बाबांना जाऊन वर्ष झालं. तू एकटी राहतेस ते मला पसंत नाही. ताइचुंगला माझ्याकडे चल, हे घर भाड्याने देऊ." मी म्हटलं, माझं मी सगळं करते. बाजार करते, देवळाचं काम करते, यांचा कॉम्प्युटरसुद्धा चालवते. तर म्हणाला, "ठीक आहे. जोवर तुझं तू करतेस तोवर राहा. पण ज्या दिवशी बाहेरचं माणूस बोलवावं लागेल, त्या दिवशी सामान बांधायचं." सून शेवया वाढत होती. तिने मान वर केली नाही. दोघं ठरवूनच आले होते.

आणि त्याच आठवड्यात प्रिंटर मेला. योगायोग म्हणतोस? मी नाही म्हणत.

देवळात घरोघरच्या नावाने वर्षाचे दिवे लागतात ना, त्या प्रत्येक दिव्याखाली लावायची नावाची चिठ्ठी मी छापते, हे तुला माहीत आहे. प्रिंटर नसेल तर ते काम गेलं. काम गेलं की चिठ्ठ्या न्यायला येणारा देवळातला थिएनफू चार जणांना सांगणार, आणि ते फिरून ताइचुंगला पोचणार. आता अडचण बघ. यांनी मशीनमध्ये विंडोजच्या जागी ते लिनक्स घातलंय, पेंग्विनवालं. त्याचा पासवर्ड यांच्या डोक्यात होता आणि हे तो घेऊन गेले. रोजचं काम होतं, पण नवीन काही आत घालायचं म्हटलं की मशीन पासवर्ड मागतं. इथला दुकानदार म्हणतो, "आजी, मी घरी येतो, सगळं पुसून नवीन टाकून देतो." म्हणजे मी माणूस बोलवायचा, यांनी मांडून ठेवलेलं सगळं पुसायचं, आणि वर सामान बांधायचं!

तेव्हा मला असा प्रिंटर हवा की जोडलं की चाललं पाहिजे. काही विचारता कामा नये, काही मागता कामा नये, कोणाला उंबऱ्याच्या आत घ्यावं लागता कामा नये. मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून सगळे ठेवतात तसं खाऊचं हिरवं पाकीट मशीनच्या डोक्यावर मी नवं ठेवलंय, जुन्याची तारीख उलटायच्या आत. त्यामुळे मशीन रुसलंय असं मला सांगू नकोस.

कुओलिनला यातलं अवाक्षर कळता कामा नये. कळलं तर मी समजेन कोणाकडून कळलं.

तुझी आत्या
युएश्या


तैपेई, २७ फेब्रुवारी

आत्या,

बोलणी खाल्ली, पोट भरलं, आता नमस्कार घे.

प्रिंटर पाठवलाय. काळजी करू नकोस, या बाबतीत मी तुझ्याहून संशयी आहे. माझ्या गाळ्यात मागच्या बाजूला आतोबांच्यासारखंच लिनक्स घातलेलं एक जुनं मशीन आहे. त्याला इंटरनेट नाही, आणि त्याचा पासवर्ड बायकोने घालून ठेवलाय, मलाही ठाऊक नाही. नवी वस्तू आली की ती जोडायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. मशीनने एक प्रश्न जरी विचारला तरी वस्तू नापास. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "लिनक्सला चालतं" असं छापलेलं असेल तर मी आधी दोन पावलं मागे सरतो. त्याचा अर्थ एवढाच, की कुठून तरी काहीतरी उतरवून घ्या, आत घाला, देवाला हात जोडा, मग कदाचित चालेल. ज्याच्या खोक्यावर काही लिहिलेलं नसतं ते बरेचदा बिचारं गुपचूप चालतं.

आणि एकदा पास झालेली वस्तू पुन्हा मागवली तरी मी पुन्हा तपासतो. खोकं तेच, नाव तेच, चित्र तेच, आणि कारखान्याने आतली चिप बदललेली असते. सांगत नाहीत मेले. गिऱ्हाईक मात्र माझ्या नावाने शंख करतं.

तुझा प्रिंटर मी असाच जोडला. मशीनने हूं की चूं केलं नाही, कागद बाहेर आला. वायर लाव, बटण दाब, बस.

पाकीट हिरवंच आहे ना? हसू नकोस. समोरच्या गाळ्यात नव्या मुलीने घाईघाईत पिवळं आणून ठेवलं, त्याच दिवशी त्यांची सगळी मशीनं बसली. मालकाने तिला ते पाकीट रस्त्यावर उभं राहून खायला लावलं. हिरवं म्हणजे शहाण्यासारखं चालायचं, पिवळं म्हणजे फुगून बसायचं. आतोबा तर म्हणायचे, लिनक्स निम्मं अकलेवर चालतं आणि निम्मं हिरव्या पाकिटावर.

कुओलिनदादाला मी कशाला सांगू? माझं तोंड बंद.

तुझा
चिनहाय


लुकांग, ११ मार्च

चिनहाय,

प्रिंटर आला. माझा मी खोक्यातून काढला, माझी मी वायर लावली. काही विचारलं नाही. पहिला कागद बाहेर आला तेव्हा यांच्या फोटोसमोर नेऊन धरला आणि म्हटलं, बघा, तुमच्या मशीनला हात न लावता जमवलं. तुला शाबासकी.

झाली शाबासकी. आता बोल, हा प्रिंटर कोणी वापरून परत केलेला आहे का? छपाई इतकी फिकी की नाव शोधावं लागतं. आत्याला नवं म्हणून जुनं खपवतोस? मी छपाईच्या खिडकीत जाऊन तो गडदपणा पार शेवटपर्यंत ओढला, तेव्हा कुठे जरा अक्षर दिसायला लागलं.

दुसरं, कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलीत. यांनी बोटं आपटून आपटून घालवली असणार. एक नवा पाठव. जोडलं की चालणारा.

आणि तिसरं, हे नीट वाच. परवा कुओलिनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "काय आई, नवा प्रिंटर कसा चाललाय?" त्याला कोणी सांगितलं? प्रिंटर घेतलेला तुला माहीत, मला माहीत, आणि पोस्टमनला माहीत. पोस्टमन काही ताइचुंगला फोन करत नाही. पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं, चिनहाय. तू लहानपणी देवघरातले शेंगदाणे खाऊन टरफलं दुसऱ्याच्या खिशात टाकायचास, ते मी विसरलेली नाही.

आत्या


तैपेई, १८ मार्च

आत्या,

टरफलांची गोष्ट किती वर्षं पुरवून वापरणार आहेस?

दादाला मी काही सांगितलेलं नाही. देवळातल्या कोणी सांगितलं असेल. लुकांगमध्ये एकाने शिंक दिली तर दुसऱ्या गल्लीतला नाक पुसतो.

प्रिंटर कोरा करकरीत आहे. मी इथे त्यावर छापलेला कागद सोबत ठेवलाय, बघ किती काळाभोर आहे. तुझ्याकडे फिका का येतो ते मला कळत नाही, आणि मला न कळणं मला अजिबात आवडत नाही. मी घाऊकवाल्याला धारेवर धरलं, की बाबा, आतलं काही बदललंयस का. तो आईची शपथ घेतो. त्याच्या शपथेवर माझा विश्वास नाही, म्हणून मी त्याच खेपेतला दुसरा प्रिंटर उघडून तपासला. तोही काळाभोर.

कीबोर्ड पाठवतोय. काळी बटणं, पांढरी ठळक अक्षरं. सोबत एक छोटा कॅमेरा आहे, स्क्रीनवर अडकवायचा. माझ्याकडून भेट समज. तोही जोडला की चालतो, मशीन काही विचारत नाही. कधीतरी बोलावंसं वाटलं तर तोंड दिसेल, एवढंच.

तुझा
चिनहाय


लुकांग, २८ मार्च

चिनहाय,

कॅमेरा परत पाठवलाय. डोळ्यावर काळी पट्टी चिकटवून पाठवलाय, वाटेत त्याने पोस्ट ऑफिस बघायला नको.

भेट म्हणे! मी मागितलं काय, तू पाठवलंस काय! माझ्या घरात, यांच्या टेबलावर, माझ्याकडे टक लावून बसणारी वस्तू तुला कोणी सुचवली? तू स्वतःच्या डोक्याने कधी कोणाला काही फुकट दिलं आहेस? सरळ सांग, कुओलिनने तुला पढवलं ना? म्हातारी पडते का, धडपडते का, गॅस बंद करायला विसरते का, सगळं ताइचुंगला बसून बघायचं आणि मग म्हणायचं, चला आई, सामान बांधा.

कीबोर्डही कसला पाठवलास? अक्षरं अर्धवट छापलेली. ठळक म्हणतोस, मला तर बटणावर पांढरा डाग दिसतो. आणि तुझा तो काळाभोर कागद माझ्या कागदाइतकाच फिका आहे. मला वेड्यात काढतोस?

थिएनफूचं ऐक. तो म्हणतो, "ताई, या वेळी चिठ्ठ्यांवर शाई फार झालीये, अक्षरं फुटतायत, बोटाला लागतंय." मी म्हटलं, फिकी म्हणा हवं तर, पण फुटली म्हणू नका. तर माझ्याकडे असं बघत राहिला. तोही सामील आहे. त्याची मुलगी ताइचुंगलाच नोकरीला असते हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

आता स्क्रीन. तो म्हातारा होऊन पिवळा पडलाय. सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. एक स्क्रीन पाठव, आणि या वेळी नीट बघून पाठव.

आणि जरा मोठ्या अक्षरात लिही. मुंग्या सोडल्यासारखं लिहितोस. शाळेत गुरुजींनी काही शिकवलं नाही का?

आत्या


तैपेई, २ एप्रिल

आत्या,

मोठ्या अक्षरात लिहितोय. वाच आणि नीट ऐक.

स्क्रीन पाठवला. माझ्या मशीनवर पूर्ण दिवस चालवून मग पाठवला. पांढरा म्हणजे दुधासारखा पांढरा आहे. आता यातही खोट काढलीस तर मी गाळा बंद करून तांदळाच्या शेवया विकीन.

राग धरू नकोस, पण मला आता तुझाच संशय यायला लागलाय. एक वस्तू बिघडते, समजू शकतो. एकामागून एक सगळ्या बिघडतात, आणि फक्त तुझ्याच घरात? इथून त्याच खेपेतले प्रिंटर मी बाकीच्यांना विकले, कोणाची तक्रार नाही. आत्या, तू माझ्यापासून काहीतरी लपवतेस. त्या मशीनशी तू काही खटपट केलीस का? पासवर्ड फोडायला कोणाला बसवलं होतंस का? केलं असशील तर सांग, मी ओरडणार नाही. तुझ्या पत्रातल्या ओळीसुद्धा हल्ली तिरप्या होऊन पानाखाली घसरतात. घाईघाईत, चोरून लिहिल्यासारखं वाटतं. तुझं अक्षर असं कधीच नव्हतं.

कबरी झाडायच्या सणाला या वर्षी माझं येणं होत नाही, गाळा सोडता येत नाही. आतोबांच्या कबरीवर माझ्या नावाने थोडं गवत उपट. दादा येतोय असं कळलं.

तुझा
चिनहाय


लुकांग, ९ एप्रिल

चिनहाय,

मी चोरून लिहिते? मी?

ऐक, मग ठरव चोर कोण ते. कुओलिन आला. कबर झाडली, गवत उपटलं, यांच्या नावाने कागदाचे पैसे जाळले, सगळं रीतसर झालं. घरी येऊन भाजीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. मग यांच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले तर मशीनसमोर उभा. मला म्हणतो, "आई, इथे पिवळं पाकीट का ठेवलंस?"

मी म्हटलं, पिवळं? तुझ्या वडिलांच्या मशीनवर मी पिवळं ठेवीन? हिरवं आहे ते! तर माझ्या तोंडाकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि "बरं" म्हणून बाहेर गेला. नुसतं "बरं"! भांडला असता तर परवडलं असतं.

संध्याकाळी तो गेल्यावर मी खोलीत पाहिलं. पाकीट बदललेलं! मी पाकीट भिंतीला टेकवून उभं करते, हे तसंच करायचे. आताचं पाकीट आडवं पडलेलं होतं, आणि हाताला अगदी करकरीत लागत होतं. त्याने माझं काढून त्याचं ठेवलं, चिनहाय. का? आधी हिरव्याला पिवळं म्हणायचं, मग खरंच पिवळं आणून ठेवायचं, म्हणजे मशीन रुसेल, मी दुकानदाराला बोलवीन, आणि सामान बांधायची वेळ येईल. एवढा डाव! माझ्याच पोटचा! मी ते उचलून कचऱ्यात टाकलं आणि लगेच दुकानात जाऊन माझं हिरवं आणून उभं केलं.

रात्री जेवण गेलं नाही. यांचा फोटो समोर घेऊन बसले. घराचं भाडं त्याला इतकं महत्त्वाचं झालं का? मला रडू आलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाहीये.

तुझा नवा स्क्रीनही पिवळाच आहे. जुना चहा आणि नवा चहा. ह्यापुढे तुझं काही पाठवू नकोस. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

युएश्या


तैपेई, १५ एप्रिल

आत्या,

हे मी जाड पेनाने, एका ओळीत तीन-चार शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात लिहितोय. कागद बरेच लागलेत, लागू देत. पूर्ण वाचल्याशिवाय फाडू नकोस.

तुझं पत्र वाचून मी थिएनफूंना देवळात फोन केला. ते दर आठवड्याला चिठ्ठ्या न्यायला तुझ्याकडे येतात, मशीन त्यांनी पाहिलेलं आहे. मी विचारलं, वर कोणत्या रंगाचं पाकीट आहे? आधी टाळाटाळ केली. मग म्हणाले, "पिवळं आहे हो. फार दिवसांपासून पिवळंच आहे. ताईंना कसं सांगायचं म्हणून मी बोललो नाही." मी म्हटलं, काल-परवा बदललेलं असेल, बघून या. ते चिठ्ठ्यांचं निमित्त करून मुद्दाम जाऊन आले. पिवळंच.

दादाने तुझं पिवळं काढून हिरवं ठेवलं होतं, आत्या. तू हिरवं कचऱ्यात टाकलंस आणि पुन्हा पिवळं आणलंस.

मग मी गाळ्यात स्टूल घेऊन बसलो. प्रिंटर फिका. कीबोर्डवर पांढरे डाग. स्क्रीन पिवळा, दुसराही पिवळा. माझं अक्षर मुंग्या. मी वस्तूवर संशय घेतला, घाऊकवाल्यावर घेतला, शेवटी तुझ्यावर घेतला. तू माझ्यावर, दादावर, थिएनफूंवर घेतलास. ज्यातून तू हे सगळं बघतेस, त्या डोळ्यांवर मात्र दोघांनीही घेतला नाही. मी डॉक्टर नाही. पण माझ्या सासूबाई अशाच भिंतीला पिवळा रंग कोणी दिला म्हणून घरभर भांडत होत्या. मोतीबिंदू निघाला. तो काढला, भांडण संपलं.

आता माझी टरफलं. प्रिंटरचं दादाला मीच सांगितलं होतं. कॅमेराही त्यानेच पाठवायला सांगितला होता, पैसेही त्याने दिले होते. मी तुझ्याशी सरळसरळ खोटं बोललो. तो म्हणाला होता, "आईला माझं नाव सांगितलंस तर ती फेकून देईल." तू ओळखलं होतंस, आणि मी साळसूदपणे तुलाच येड्यात काढत होतो. याची मला लाज वाटते.

डोळ्यांचं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही. थिएनफूंनाही शपथ घातलीये. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. तुझ्या मशीनला मी जोडलं की चालणारं सामान देऊ शकलो. याला मात्र कोणाला तरी बोलवावंच लागेल. घर जाईल या भीतीने डोळे घालवू नकोस, एवढंच मागतो.

तुझा
चिनहाय


तैपेई, २० मे

आत्या,

महिना उलटून गेला, तुझी ओळ नाही. थिएनफू म्हणतात, तू दार उघडतेस, चिठ्ठ्या देतेस, आणि माझं नाव काढलं की दार लावतेस. निदान दार लावण्याइतकी ठणठणीत आहेस हे कळलं.

चिडलीस तर चीड. शिव्या घालायच्या तर घाल. पण लिही गं. पोस्टमन गाळ्यासमोरून गेला की मी गिऱ्हाईक सोडून त्याच्या मागे धावतो, लोक हसतात.

चिनहाय


लुकांग, ६ जून

चिनहाय,

मेल्या, तुझं अक्षर किती घाणेरडं आहे! आज पहिल्यांदा तुझी सगळी पत्रं काढून नीट वाचली. मुंग्यांना उगीच बोलले मी.

तुझं ते जाड पेनाचं पत्र आलं तेव्हा मी आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग ते डब्याखाली दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि दुकानवालीला म्हटलं, "एक हिरवं दे आणि एक पिवळं दे." तिने दिली. मी म्हटलं, कुठलं कुठलं ते बोलू नकोस. घरी येऊन दोन्ही मशीनवर शेजारी शेजारी उभी केली. खिडकीजवळ नेली, दिव्याखाली नेली, अंगणात नेली. दोन्ही एकाच मळक्या रंगाची. कोणतं कोणतं ते मला सांगता येईना. मला भीती वाटली, चिनहाय. हे गेले तेव्हाही अशी वाटली नव्हती.

तरी मी पुढे दोन आठवडे गप्प बसले. सामान बांधायची वेळ यायला नको होती. चिठ्ठ्या अंदाजाने छापत होते. शेवटी एक दिवस थिएनफू एक चिठ्ठी घेऊन परत आले. मान खाली घालून म्हणाले, "ताई, या नावाचं घर आपल्या देवळाच्या यादीत नाहीच." कोणाच्या तरी दिव्याखाली मी भलतंच नाव घातलं होतं. वर्षभर देवीने कोणाला बघायचं होतं आणि मी कोणाला दाखवलं असतं! ते गेल्यावर मी फोन उचलला. कुओलिनने दिलेलाच फोन. म्हटलं, "कुओलिन, मला दिसत नाही. बाहेरचं माणूस बोलवावं लागतंय. ये आणि सामान बांध."

पलीकडून म्हणाला, "मी बाहेरचा कधीपासून झालो, आई?"

तासाभरात आला. जेवलेलाही नव्हता. मी त्याला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, "कबरी झाडायच्या दिवशी. तू पिवळ्याला हिरवं म्हणालीस तेव्हा." मी म्हटलं, मग त्याच दिवशी का नाही बोललास? अट तुझी होती, जिंकला होतास की. तर म्हणाला, "बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, घरासाठी डाव टाकतोय." तेच म्हटलं असतं. तुला तसंच लिहिलंही होतं. त्याने चांगहुआच्या इस्पितळात दोनदा वेळ घेऊन ठेवली होती आणि मी काही बोलत नाही म्हणून दोनदा रद्द केली होती. त्याची भीती मला तेव्हा कळली. हे अंगणात पडले ते मला आतल्या खोलीत ऐकू आलं नव्हतं, तेव्हापासून तो प्रत्येक फोनच्या आवाजाला दचकतो म्हणे. सुनेने सांगितलं. मी समजत होते तिला बोलायचंच नसतं. बिचारी घाबरून मान वर करत नव्हती.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं महिनाअखेर आहे. पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरांचा डगला दिसला, निळा. इतका निळा रंग जगात आहे हे मी विसरले होते. घरी आले तर घर इतकं घाण, की शरम वाटली. कोपऱ्याकोपऱ्यात जाळी, चुलीमागे तेलाचा थर, आणि तुम्ही सगळे येऊन माझ्या हातचं खाऊन जात होतात! कोणी एका शब्दाने बोललं नाही. मशीनजवळ गेले. ती नवी दोन मी केव्हाच उचलून ठेवली होती, वर होतं ते माझं जुनं पाकीट, आणि ते पिवळं होतं. पिवळंधमक. तिथेच उभी राहून हसत सुटले. पण बघ, इतके महिने पिवळं असून मशीन एकदाही बसलं नाही. हिरव्याचं सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. यांनी मांडणीच चोख केली होती, असं म्हणते.

तुझा स्क्रीन पांढरा आहे. तुझा कीबोर्ड चांगला आहे. तुझ्या प्रिंटरच्या चिठ्ठ्या बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, नुसती शाईची डबकी. गडदपणा खाली आणलाय, आता सगळ्या पुन्हा छापतेय. पावली तुझी तपासणी. शेवया विकायला नकोत.

घराचं विचारशील. अट कुओलिनने बदलली. म्हणाला, "इथेच राहा. पण काही दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, दुखलं-खुपलं, तर आधी मला सांगायचं." मी म्हटलं, बघू. संशय माझा इतक्यात जाणार नाही, पण त्याला चहा करून दिला.

आणि चहा देताना त्याच्याकडे पाहिलं. चिनहाय, त्याचे केस पांढरे झालेत. कानाच्या वर सगळे, आणि मागेही. गालाची हाडं वर आलीत. मी माझ्या मनात ज्याच्याशी वर्षभर भांडत होते तो काळ्या केसांचा, भरल्या अंगाचा होता. हा कोण दमलेला माणूस माझ्यासमोर चहा पितोय, असं क्षणभर वाटलं. त्याला विचारलं, हे कधी झालं? म्हणाला, "बाबा गेल्यापासून." एवढे दिवस तो येत होता, समोर बसून जेवत होता, आणि मला दिसलं नाही.

म्हणून आता काम सांगते. बांबूच्या पानातला भात पाठवलाय, कालवं घातलेला, गरम करून खा. आणि तो कॅमेरा, मी परत पाठवलेला, तो काळी पट्टी काढून ताइचुंगला पाठव. मला नको, कुओलिनला पाठव. त्याच्या मशीनवर काय काय आत घालावं लागेल ते त्याचं तो बघेल. माझा स्क्रीन आता चांगला आहे, माझ्याकडे जोडायचं काही उरलेलं नाही. त्याला म्हणावं, रात्री जेवायला बसलास की चालू कर आणि ताट मधे घे. तो नीट जेवतो की नाही ते मला बघायचंय.

तुझी आत्या
युएश्या